शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने

एकतीस वर्षं पर्वतीच्या जलकेंद्रावर
मी या शहराच्या पाण्यात क्लोरिन सोडला.
काचेच्या नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब,
पिवळा रंग चढला की रजिस्टरात सही.
शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या नळालाही
शून्य पूर्णांक दोन उरलाच पाहिजे,
हे मला जन्मतारखेसारखं पाठ.

निवृत्तीनंतर आम्ही धायरीला.
वरच्या मजल्यावरचा ऐनापुरे घर सोडताना
टेम्पोत बसेना म्हणून
फिशटँक आमच्या दारात ठेवून गेला.
दोन फुटी, पाच गोल्डफिशसकट.
म्हणाला, काका, तुम्ही तर पाण्यातलेच.

मला ते पाणी पिवळट वाटलं,
काचेला हात लावला तर बुळबुळीत.
रविवारी सगळं उपसलं,
खडे भांड्यांच्या पावडरीने घासले,
आणि टँक थेट नळाखाली भरला.
इतका लख्ख, की आरपार
पलीकडच्या कॅलेंडरवरची चतुर्थी वाचता यावी.

सोमवारी सकाळी तीन मासे वर, आडवे.

घरी आणलेली जुनी नळी शोधली. थेंब टाकले.
पिवळा. सुरेख पिवळा.
माझ्या हातचा नसेल, पण माझ्याच खात्याचा.

रविवार पेठेतला मुनाफ बागवान
ऐकून हसला नाही, एवढं बरं.
म्हणाला, ते पाणी घाण नव्हतं काका, मुरलेलं होतं.
लोणच्याची बरणी दर आठवड्याला धुता का?
मग बदलूच नको?
तसं कुठं म्हटलं? तिसरा हिस्सा काढा, तिसरा भरा.
भरायचं ते एक दिवस उघडं ठेवून.
आणि घासू नका हो काही.

बी विंगमधले उकिडवे मात्र ठाम.
अडीच वर्षांत थेंब बदलला नाही,
आटेल तेवढं वरून घालायचं, बास.
नदीचं पाणी कोण बदलतं?
मुठेकडे बघा की, मी म्हटलं.
तेव्हापासून लिफ्टमध्ये बोलणं बंद.
त्यांच्या काचेवर क्षाराची पांढरी रेघ
आणि एकुलता मासा
धुऊन धुऊन विटलेल्या टॉवेलच्या रंगाचा.
पण जिवंत आहे. हेही लिहिलं पाहिजे.

कुमुद विचारते, माणसांना चालतं ते माशांना का नाही?
आपण पाणी पितो, मी सांगतो,
ते पाण्यातच श्वास घेतात.
ती मान हलवते, पण तिला आठवतंय, मला कळतं,
ते एक वर्ष, ती एक वस्ती,
जिथे माझी नळी कोरी राहिली होती
आणि पंधरा दिवसांनी घराघरात कावीळ.
मी तेव्हा महिनाभर नीट जेवलो नव्हतो.

आता बुधवारी रात्री दोन बादल्या भरतो,
झाकण न ठेवता, न्हाणीघरात.
कुमुदने वर चिठ्ठी लावलीय: हात लावू नये.
गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद,
बादल्या तशाच, घरात एवढंच भरलेलं पाणी,
आणि अंघोळीला मी एका तांब्यावर.

शुक्रवारी नळीत थेंब टाकतो.
काही होत नाही.
पाणी पाण्यासारखं उभं राहतं.
जे बघून माझे पाय गळायचे
तेच बघायला आता मी चश्मा पुसून बसतो,
तरी पोटात एकदा ढवळतंच.
वहीत तारीख लिहितो, बादल्या दोन, क्लोरिन शून्य,
सही करायला हात धजत नाही.

काढलेलं पाणी कढीपत्त्याला.
मग मगाने, काचेच्या कडेने,
खडे हलणार नाहीत असं ओततो.
उरलेले दोघे आता धारेखाली येऊन थांबतात.

खात्याच्या जाहीर सूचना मीच टाइप करायचो:
गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील,
शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने होईल,
नागरिकांनी सहकार्य करावे.

करतायत.