किती चालेल?

सगळे एकच विचारतात. पैसे मोजून झालेले असतात,
चाक पुन्हा जागेवर बसलेलं असतं, मी नट आवळत असते,
आणि वरून आवाज येतो : "बाई, किती चालेल?"

लेत्रासच्या खिंडीखाली, जिथे दुपारनंतर धुक्याची पाळी सुरू होते,
तिथे माझं दुकान. एक कॉम्प्रेसर, दोन पहारी,
पंक्चर शोधायला पाण्याचं अर्धं कापलेलं पिंप,
आणि दाराबाहेर साखळीला टांगलेला, पांढरा रंगवलेला टायर,
रात्री वीज गेली तरी लोकांना दुकान सापडावं म्हणून.

किती चालेल ते टायरला माहीत नसतं. माणसाला असतं.
पण तोंडाचं ऐकू नये. तोंडाने सगळेच सावकाश चालवतात.

एलिएसेर बघा. मारिकीता ते मानिसालेस,
पाकिटं, औषधं, कधी बर्फात घातलेला मासा.
वळणावर इतका हळू की गाडी वाकतच नाही.
त्याचा टायर मधोमध सपाट, वापरातल्या पाट्यासारखा,
आणि कडेला कारखान्यातली रबरी लव अजून तशीच,
तान्ह्याच्या कानांवर असते तेवढी.
चौदा हजार किलोमीटर. दर खेपेला चौदा हजार.
वर गुळाचं गरम पाणी पिऊन जातो, त्याचेही पैसे ठेवतो.

येइसनचा हिशेब उलटा.
त्याच्या टायरच्या कडा वितळून गोळ्या धरतात,
रविवारी संध्याकाळी बोट लावलं तर रबर कोमट लागतं.
चार महिने. फार तर साडेचार.
"टिकणारा दे ना एखादा," म्हणतो, "लुटतेस तू."
मी त्याला टिकणारा देत नाही. पकडणारा देते.
जो रस्ता धरतो तो लवकर संपतो.
हे त्याला सांगितलेलं नाही. शिव्या खाते.

दोन आर्खेमिरो गॅसच्या टाक्या आणतात, एका खेपेला चार,
आणि अख्खा उतार मागच्या ब्रेकवर उतरतात.
पुढचा दाबला की माणूस डोक्यावरून जातो, असं त्यांना वडिलांनी सांगितलंय.
वडील खेचरावर बसायचे.

फाबिओलाबाई, शाळेतल्या, हवा भरायला येतच नाहीत;
हवा फुकट असते, म्हणून त्यांना संकोच वाटतो.
दोन्ही कडा झिजून गेल्यात, मधला भाग कोरा.
मीच आता त्यांची गाडी शाळेबाहेर उभी दिसली की
पायपंप घेऊन जाते, चोरासारखी.

तर, मीही आकडे सांगायचे. तोंडावर असायचे माझ्या.
मग मार्चमध्ये एक गाडी टेंपोत घालून आणली,
पुढचं चाक अंड्यासारखं लांबट.
सोबतच्या भावाने विचारलं, टायरचे काही येतील का.
टायर नवा होता. माझ्याच हातचा, नऊ दिवसांचा,
लव पुसली गेली नव्हती.
"वर्षभर बघायला नको," मी म्हटलं होतं त्याला,
आणि तो हसून, हेल्मेट कोपरात अडकवून, निघाला होता.
माणूस वाचला. गाडी विकायची म्हणत होता भाऊ.
पैसे मी जास्तच दिले असतील. मोजले नाहीत.

तेव्हापासून विचारलं की म्हणते, "बघू."
गिऱ्हाइकांना ते आवडत नाही.

काल एलिएसेरची धाकटी आली होती त्याच्याबरोबर, मारीत्सा,
सहा वर्षांची, पुढचे दोन दात नसलेली.
बाप चहूबाजूंनी चाक तपासत होता, ही वर बघत होती.
"तो किती चालला?"
पांढरा टायर. साखळीवर हळूच फिरत होता, वारा होता.
"अकरा वर्षं," मी म्हटलं. "एक किलोमीटरही नाही."
तिला उचलून धरलं. तिने बोट घातलं
रंगाखालच्या भेगेत, नखापर्यंत गेलं.
"मग हा कशाने फाटला?"

खाली वळणावर एक दिवा दिसला, एकच, डगमगत येणारा.
मागच्या चाकात हवा नसणार.
मी तिला खाली ठेवलं आणि कॉम्प्रेसर चालू केला.