झटपट

खोक्यावर लिहिलं होतं: झटपट.
बाबांनी चष्मा कपाळावर चढवला,
पितळेचा तो अंगठ्याएवढा तुकडा तळहातावर तोलला
आणि म्हणाले, "गाडीला नळ?
उद्या शॉवरही बसवशील."

ती ऑगस्टमधली गोष्ट. त्यांच्या उजव्या खांद्यात
तेव्हा नुकतेच दोन स्क्रू बसले होते.
पान्याला जोर देणं बंद,
आणि पाना माझ्या हाती द्यायचा
तर चेहरा असा, जणू मी
चर्चमध्ये शिट्टी वाजवली.

चाळीस वर्षांची रीत होती त्यांची:
पुठ्ठ्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकायचं,
बोल्ट ढिला करायचा, शेवटचे आटे बोटांनी,
मग भसकन काळा लोट,
भाजलेलं मनगट,
बोल्ट हातातून निसटून घमेल्यात,
आणि एक युक्रेनियन शिवी
जी पणजोबांनी बोटीतून सोबत आणली होती
आणि जिचा अर्थ आता घरात कुणालाच माहीत नाही.

तो बोल्ट मी कायमचा काढला.
त्यांनी तो पुसला, कागदात गुंडाळला,
खिळ्यांच्या डब्यात ठेवला. "असू दे.
नळावर भरवसा नाही."

आता ऑक्टोबर. कनोरात कापणी उरकली.
गॅरेजच्या दाराखालून वारा येतो,
ज्याला अडवायला मध्ये शंभर मैल
फक्त कुंपणाची तार आहे.
मी गाडीखाली हात घातला,
खटका उचलला, फिरवला. एक बोट पुरलं.
नळीचं दुसरं टोक दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये.

आणि धार आली. करंगळीहून बारीक.

बाबा वाकून बघत राहिले.
"हे झटपट?"

घाई नव्हती तिला कसलीच.
आम्ही दोन बादल्या पालथ्या घातल्या आणि बसलो.
इंजिन निवताना टिक टिक करत होतं.
इतका वेळ आम्ही दोघं समोरासमोर
कधी बसलो होतो, आठवेना.
जेवतानासुद्धा मध्ये टीव्ही असतो.

कॅन अर्धा भरला तेव्हा ते म्हणाले,
"त्र्याऐंशी साली मी बोल्ट लावायलाच विसरलो.
रेडिओवर हॉकीचा सामना होता.
वरून नवंकोरं तेल ओतत गेलो, ओतत गेलो,
म्हटलं, आज गाडी फार पिते आहे."

मी फरशीकडे पाहिलं. डाग कुठेच नव्हता.

"फ्रीजरखाली," ते म्हणाले.

तो पांढरा, शवपेटीएवढा फ्रीजर.
चाळीस वर्षं आई सांगते आहे, तो हलवा,
घरातून येणारं दार त्याच्यावर आपटतं.
चाळीस वर्षं बाबा सांगताहेत,
तिथली जमीन सपाट आहे.

मी हसले नाही. म्हणजे, प्रयत्न केला.
कॅनच्या तोंडाशी धार तुटक झाली,
थेंब, मग दोन थेंबांमध्ये एक लांब थांबा,
आणि आम्ही तरी उठलो नाही.

तेवढ्यात दार धाडकन फ्रीजरवर आदळलं.
आई. हातात परात, रात्रीच्या पिरोहींसाठी.
"ओरेस्त, हा फ्रीजर..."
"सपाट जमीन, स्टेफा," बाबा म्हणाले,
आणि माझ्याकडे बघितलं नाही.

खटका मिटवला. क्लिप लावली.
"लावलीस?" लावली. "नक्की?" बाबा, लावली.
मग त्यांनी स्वतः बॅटरी घेऊन
न दुखणाऱ्या खांद्यावर आडवं होऊन पाहिली,
आणि रात्री गाडीखाली नवा पुठ्ठा सरकवला,
टीव्हीच्या खोक्याचा, स्वच्छ बाजू वर.

सकाळी खिडकीतून दिसले:
उणे सहामध्ये, कोटाखाली पायजमा,
पुठ्ठा दोन्ही हातांनी वर धरून
उजेडाकडे करून वाचत होते.
पुठ्ठा कोरा होता.
त्यांनी उलटून मागची बाजूही पाहिली.