तामडा, चिखला खाण

सुखवंता उईके हातानेच ओळखते:
काळं ते पाटीत, लालसर ते बाजूला.
"यातबी मँगनीज हाय म्हनता, मंग फेकता काहून जी?"

मी पिशव्यांवर आकडे घालणारा माणूस,
ढिगाऱ्यावर बसून सांगतो:
आहे, पण सिलिकाने आतून कडी लावलीय.
या खडकाला गोंडाइट म्हणतात, तुझ्या लोकांवरून.
"आमाले इचारलं होतं का?"

चार ऑक्सिजनांची खोली सिलिकॉनची, मालकीची.
सहांच्या खोलीत ॲल्युमिनियम, कधी लोखंड.
आठांची जरा तिरकी, ऐसपैस,
ती भाड्याची.
लोखंड राहिलं तर जांभुळलेला लाल,
मँगनीज आलं की पिकल्या टेंभरासारखा.
कॅल्शियम अंगाने थोर, तो शिरला
की सगळं घर फुगतं
केसाच्या तीस लाखाव्या भागाएवढं.
पण कोपरे तेच.
बारा तोंडं तीच.

ती ऐकत होती की नाही, कळलं नाही.
पदराच्या गाठीतून खडा काढला, हरभऱ्याएवढा,
अंगठ्याने फिरवत तोंडं मोजू लागली.
नवावर अडली. पुन्हा पहिल्यापासून.

"डोंगरीच्या खानीत माही सून पाटी उचलते.
तिनं आनला होता एक. रंग फिका,
तोंडं एवढीच."

भोंगा झाला.
खडा गाठीत गेला, गाठ दातांनी आवळली.
माझ्या मांडीवरच्या पिशवीवर
आकडा घालायचा राहूनच गेला होता.