एक अथर मोकळा

बारा स्विच आहेत. अकरा चालतात.
बाराव्याचा पंखा खरखरतो,
त्याला मी फक्त हिवाळ्यात कामाला लावते.
निजव्यात, तळघरातल्या या खोलीत,
बाहेर सत्तेचाळीस असताना स्वेटर घालून
मी जाळं वाटून देते:
झुवैनाला सकाळचे चार तास, ओलुमिदेला रात्र,
मस्कतच्या दोघांना उरलेसुरले पोर्ट.
प्रत्येकाला वाटतं, अख्खं जाळं आपलंच.
शेजारी दुसरं कुणी नांदतंय
याचा पत्ता लागू द्यायचा नाही,
एवढंच माझं काम.

सोमवारी पत्ता लागला.
झुवैनाच्या कंट्रोलरने एक नियम पाठवला:
कुठूनही येवो, कुठेही जावो, माझ्याकडे वळवा.
प्राधान्य सगळ्यात वरचं.
कुंपण मीच घातलेलं. एक आकडा चुकला होता.
ओलुमिदेची तीन आठवड्यांची मोजणी
बांध फुटल्यासारखी तिच्या वाफ्यात गेली.
तो ओरडला नाही.
आलेख माझ्याकडे वळवून म्हणाला,
ही टेकडी बघ. सुंदर आहे.
माझी नाही.

आमच्या साक्रीकडे फडाचं पाणी.
मामा पाटकरी. खांद्यावर फावडं, मनगट रिकामं,
तरी रात्री दोनचं बारं म्हणजे दोनलाच.
भांडणं त्याच्या दारात यायची,
पाणी दुसऱ्याच्या.
सख्ख्या बहिणीच्या उसालाही
त्याने पाच मिनिटं वाढवून दिली नाहीत.
आई अजून ते काढते.

शुक्रवारी झुवैनाने मला गाडीत घातलं
आणि फलजावर नेलं. चूक माझी होती,
तरी माफी तीच मागत असावी, तिच्या पद्धतीने.
फलजाच्या कारभाऱ्याला इथे वकील म्हणतात.
हा वकील कोर्टात जात नाही, वही ठेवतो.
नासिर बिन खल्फान,
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.
अर्धा तास म्हणजे एक अथर.
पूर्वी खांबाच्या सावलीवर, रात्री ताऱ्यांवर,
आता कॅसिओवर.
मला अरबी वाचता येत नाही, रकाने वाचता येतात.
एका रकान्यात नाव नव्हतं.
हा कुणाचा?
झुवैना त्याच्याशी बराच वेळ बोलली.
मग म्हणाली, फलजाचाच.
हे पाणी लिलावात विकून फलज साफ करतात.
म्हणजे... पाण्याचं स्वतःचं पाणी.
तिला नीट सांगता आलं नाही.
मला कळलं.

रविवारी तक्ता नव्याने मांडला.
ओलुमिदेला सलग आठ रात्री.
मस्कतवाले कुरकुरले, कुरकुरू दिलं.
बुधवारी साडेअकरा ते बारा: कुणीच नाही.
कारणाची चौकट भरल्याशिवाय पान पुढे जाईना.
'देखभाल' लिहिलं.

काल त्या अर्ध्या तासात मी बसून राहिले.
कुणाचा प्रयोग नाही, नियमांचे तक्ते कोरे,
तरी हिरवे दिवे मधूनच लुकलुकत होते.
पकडून पाहिलं.
एक स्विच शेजारच्याला सांगत होता:
मी तिसरा, सातव्या दारातून.
शेजारचा त्याला: मी नववा.
दर तीस सेकंदांनी, न चुकता,
कुणी विचारलेलं नसताना.

मी उठून बाराव्याचं बटण दाबलं.
खरखर. बराच वेळ नुसती खरखर.
मग तोही.