बोगद्यापासून बोगद्यापर्यंत

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलाय.
एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी, एकावर खलबत्ता,
तिसऱ्यावर शमीमचा चष्मा.
चौथा सारखा गुंडाळतो, त्यावर माझं कोपर.
ब्लाउज शिवून उरलेला लाल दोरा
बोगद्यापाशी अंगठ्याने दाबते
आणि यवतेश्वरच्या घाटाने वर सोडत नेते,
वळणावळणाला नख रोवत.

सांबरवाडी. मग पठार, तिथे दोरा सुखाने पळतो.
मग पठाराची कड,
तिथे तपकिरी रेषा एकमेकींच्या अंगावर चढल्यात
गुंता झालेल्या केसांसारख्या.
खाली परळीचं खोरं, गजवडी, डबेवाडी,
आणि परत बोगदा.
कापला. पट्टीला लावला. अडुसष्ट सेंटिमीटर.
चौतीस किलोमीटर, शमीम शिकलगार म्हणाली,
आणि चष्मा काढून घेतला. नकाशा लगेच मिटला.

दोऱ्याला चढ कळत नाही.
दोऱ्याला कुसळं टोचत नाहीत मोज्यातून,
डबेवाडीची कुत्री त्याच्यामागे लागत नाहीत.
आणि त्या कडेवर, जिथे मी त्याला सरळ खाली सोडला,
तिथे छापलेली वाटच नाही.
दीड किलोमीटर कोरा कागद.

बावीस वर्षं बँकेत दुसऱ्यांची खाती जुळवली.
दिवसअखेर फरक उरला की सस्पेन्सला टाकायचा,
घरी जायचं, उद्या बघू.
हा फरक कुठल्या खात्याला टाकू?

म्हणून रविवारी स्कूटर पठारावर लावून
कडेकडेने चालत गेले.
धुळाबा झोरे दगडावर बसून
शेळीच्या खुरातला काटा काढत होते.
वर न बघता म्हणाले, जायाचं कुठं?
बोगद्यापाशी.
आन निघनार कुठनं?
बोगद्यापासनं.
काटा निघाला. शेळी लंगडत पळाली.
मग हायसा की तितंच, म्हणाले.

मला उत्तर आलं नाही.
सत्तेचाळीस वर्षांची बाई, गळ्यात शिट्टी,
पाठीवर रबरी नळीची पाण्याची पिशवी.
त्यांनी नळी हातात घेऊन पाहिली.
आमी बी ह्येच करतो, म्हणाले, रोज.
पर शेरडं पोटं भरून येत्यात.

तरी उठले. काठीने दाखवलं:
उंबराच्या डाव्या अंगाला धर,
पांढरा दगड आला की बसून उतर, लाज धरू नको.
ओढ्याला माघापातुर पानी. पुढं तुजं तू.
मी विचारलं, किती वेळ लागेल?
ते म्हणाले, कुनाला?

नवा दोरा घेतलाय. या वेळी निळा.
उंबरापाशी गाठ, पांढऱ्या दगडापाशी गाठ,
ओढ्यापाशी दोन.
जुन्यापेक्षा चार सेंटिमीटर जास्त भरला.
शमीम परळीच्या फाट्यावर साडेनऊपर्यंत थांबेल,
मीठ लावलेले उकडलेले बटाटे घेऊन.
पाणी देईन, म्हणते, शोधायला येणार नाही.
येईल. तिला मी ओळखते.

पायाची नखं कापली. व्हॅसलीन. बॅटरीचे सेल बदलले.
चप्पलस्टँडवर बूट, नाड्या सैल करून.
ओढ्यापासून पुढचा भाग अजून डोळ्यांसमोर येत नाही;
तिथे पोचले की माझ्या दोन्ही बाजूंना
घर सारखंच लांब असेल,
मागे फिरण्यात काही फायदा उरणार नाही.
मला बहुधा तेवढ्यासाठीच जायचंय.

गजर चारचा लावलाय.
निळा दोरा मनगटाला गुंडाळला, सैल,
आणि एक टोक मोकळं ठेवलं.