झडप क्रमांक तीन

तिसऱ्या वर्षाला प्रकल्प निवडायचा होता.
रुबाबने ठिबक घेतलं, मॅथ्यूने कांदा-साठवण
(तुर्भ्याचं मार्केट त्याला बसने वीस मिनिटं).
मी म्हटलं, उघाडी.
गुंजाळ मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं,
'म्हणजे स्लूस गेट ना?'
हो, तेच. पण लाकडाचं.

आमच्या घरात 'शेतीची इंजिनियर' हा
लग्नाच्या पंगतीला पुरणारा विनोद.
'शेत कुठाय गो, इंजिनियर व्हायला?'
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर चार मजले,
खाली टायरवाला, वर आठ भाडेकरू,
आणि कपाटात जुना सातबारा,
बाबांनी लॅमिनेट केलेला.
कागदाला ओल लागते, म्हणाले.

प्रयोगशाळेत काचेचा सहा मीटर पाट.
या टोकाला भरती, म्हणजे पंप.
त्या टोकाला शेत, म्हणजे प्लास्टिकचा ट्रे, गाळ,
आणि मोजून पेरलेले भाताचे चाळीस दाणे.
झडप क्रमांक एक पत्र्याची. उघडली, मिटलीच नाही.
झडप क्रमांक दोन रबराची. मिटली ती इतकी घट्ट
की ओहोटीलाही उघडेना,
आतलं पाणी आतच कुजलं.
वहीत लिहिलं, गळती शून्य टक्के.
मॅडमनी शेजारी बरोबरची खूण केली.
ट्रेमधले चाळीस कोंब
खूण न बघता आडवे झाले.

शनिवारी घणसोलीच्या मागे गेले,
जिथे डांबर संपतं आणि बांध उरतो.
पोशा केणी तिथे एकटाच उघाडी सांभाळतो.
मागे भात नाही, एक तळं आहे
आणि तळ्यात उलट्या उभ्या काचेच्या कंपन्या.
'आज सप्तमी. भांगाचं पानी.'
घड्याळ त्याच्याकडे नव्हतं.
मी मीटर बुडवला. अठरा डेसीसायमन.
त्याने बोट बुडवून चाखलं. 'आमटीएवरं.'

तीन फळ्या, एक दोर, आणि मधल्या फळीला भोक.
'काका, इथून गळतंय.'
'गलतंय कं? ठेवलंय.'
बुजवू का, विचारलं, तर असा बघितला
जसं मी त्याचं नाक बुजवायला निघालेय.
'मंग जितारा कुठशी यल आत?
सगलं अरवशील, त पानी बांध उकरल.
थोरं घे. थोरं सोर.'

मी व्हर्निअर काढलं. भोक गोल नव्हतं.
एकीकडून सत्तावीस मिलिमीटर, एकीकडून एकतीस,
कडा गुळगुळीत, आत शेवाळ,
आणि शेवाळात नखाएवढा खेकडा
माझ्या मापाला नांगी दाखवत.
'व्यास' या रकान्यात काय लिहायचं?
लिहिलं, अंगठा.
कंसात लिहिलं, त्याचा.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक.
'एवढी गळती मुद्दाम?'
मी पाण्याची उंची सांगितली, विसर्ग सांगितला,
गुणांक शून्य पूर्णांक सहा.
ते मान हलवत राहिले.
ट्रेमध्ये चाळीसपैकी एकोणतीस उभे होते,
त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.
अंगठ्याचं मी बोलले नाही. का, ते अजून कळत नाही.

रात्री बाबांनी वही मागितली.
खाली टायरवाल्याचा कॉम्प्रेसर धापा टाकत होता.
बाबा, जे भाडं आणि पाणीबिल सोडून
कधी कशावर बोलत नाहीत,
आकृतीवर बराच वेळ वाकलेले.
मग कानामागची पेन्सिल काढून
माझं भोक खोडलं,
आणि दोन बोटं खाली, उजवीकडे, नवीन काढलं.
'वर ठेवलंस त कचरा अरकतो.'
माझ्यासमोर ते असं कधी बोलले नव्हते.
दिवा मालवून झोपायला गेले.

सोमवारी झडप क्रमांक चार कापायला घेतली.