आंधी भुईले

बारा वर्षं मी लोकांची भूक उघडत होतो.
पणजीच्या हॉटेलात, संध्याकाळी साडेसहाला,
पांढरा सदरा, काळा बो,
आणि ओठांवर पाठ केलेल्या जन्मकथा.

टॉनिक म्हणजे मुळात हिवतापाचं औषध,
झाडाच्या सालीतलं कडू,
गोऱ्या फौजेच्या घशाखाली उतरावं
म्हणून त्यात जिन ओतली.
व्हरमूथमध्ये आपल्या दवण्याची एक कडू बहीण.
कंपारीचा लाल रंग आधी किड्यांचा होता :
हे ऐकून बायका पेला खाली ठेवत,
मग पुन्हा उचलत.
आणि निग्रोनी? कोण्या उमरावानं म्हणे
सोडा नको म्हटलं, त्याजागी जिन घाल.
हा ‘म्हणे’ मी जरा हळूच म्हणायचो.

आता चिचटोला. चैत्र.
पहाटे मोहाखाली पालापाचोळा जाळलेला,
काळ्या भुईवर फुलं, पिवळट, जड,
दिवसभर अंगणात वाळत घातलेली.
सुकवारा मावशीच्या ओसरीवर मी माझी पेटी उघडली.
लाल बाटली अर्धी, कडू बाटली पाव,
पिळदार दांड्याचा लांब चमचा.
जिन नाही. तिनं पेनठाण्यासाठी राखलेल्यातली
दोन बोटं मोहाची दिली, तीही मोजून.
संत्रं वरुडचं, मृगबहाराचं,
अर्जुनीच्या बाजारात मऊ पडलेलं.
बर्फ भाऊलाल ढिवराच्या थर्माकोलच्या डब्यातला,
त्याला मरळीचा वास.

मी ढवळत राहिलो. चाळीस फेरे, मनात मोजून.
“इतक्या येर ढवरतस,” ती म्हणाली,
“काही सिजते का तेथं?”

मी सांगितलं : हे जेवणाआधीचं.
यानं भूक उघडते.

“उघडते?” तिनं सूप बाजूला ठेवलं.
“लावली कोनं होती?”

मग सालीचं तेल पेल्यावर उडवताना
ती आपल्याशीच बोलल्यासारखी बोलू लागली :
तू सात वर्साचा. ताप उतरे ना.
डाक्टर साकोलीले, आन् नाल्याले पूर.
भुईनिमाचा काडा पाजला तुले, नाक दाबून,
तीन राती. तू मले चावला होतास.
चौथ्या दिसी पेज मांगितलास,
दोन वाट्या पेलास, आन् मंग तिसरी.

तिच्या अंगठ्याखाली ती खूण अजून आहे,
तांदळाएवढी.
बारा वर्षं जगभरच्या कडवटाचे दाखले दिले मी
माणशी दोन पेले, वर टीप,
आणि हा एक माझ्या यादीत नव्हता.

पेला तिच्या हातात दिला.
तिनं तो ओठांना लावला नाही.
उजव्या हाताचं बोट बुडवून
सारवलेल्या भुईवर थेंब सोडला. आणखी एक.
तिसऱ्याला बापाचं नाव घेतलं, मन्साराम,
नुसतं नाव, हाक मारतात तसं.
लाल रंग शेणात जिरून तपकिरी झाला.

मी मापाचा माणूस.
पेला तेवढा उणा दिसला म्हणून
बाटली पुढं केली.
तिनं तळहात आडवा धरला.
“राहू दे. त्याइचं त्याइले गेलं.”

मग घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला.
“गोड जास्त झालं,” म्हणाली.

आत भात उतरवायचा होता, ती उठली.
चुलीमागचं मांजर मरळीच्या वासावर
ओसरीत आलं,
ओल्या जागेपाशी बसलं,
आणि चाटू लागलं.